आठव्या अंकाचा जबाब

माझा मोठा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो आणि संध्याकाळी लोकांना कराटे शिकवतो. ही ओळख मी तीस वर्षं करून देते आहे आणि ऐकणारा दर वेळी दुसऱ्याच अर्ध्यावर कान टवकारतो. पाठोपाठ प्रश्न ठरलेला, "म्हणजे विटाबिटा फोडतात का?" नाही फोडत. घरात त्यानं आजवर फक्त माझं डोकं खाल्लंय, तेही गप्प बसून.

मी कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, जबाबाच्या नकला. वकील मी नाही, पण सत्तावीस वर्षं लोकांची भांडणं दोन बोटांनी नव्हे, दहा बोटांनी टाइप केलीत. त्यातून जेवढा कायदा अंगाला चिकटायचा तेवढा चिकटला आहे. दादाला मात्र माझ्या कामाचं कधी काही वाटलं नाही. "तुझं ते कागदी काम" एवढीच माझ्या धंद्याची किंमत.

त्याचा वर्ग एका सुतारकामाच्या कारखान्याच्या वर भरतो. लोखंडी जिना, वर लांबट खोली, खिडकीच्या गजांवर कायम लाकडाचा भुसा. कोपऱ्यात कातडी गाद्यांची चळत असते. साठीला टेकलेला हा माणूस पांढरे कपडे घालून तिथं उभा राहिला की वयानं दहा वर्षांनी उतरतो. आणि गंमत अशी, की यानं आयुष्यात कुणाच्या अंगावर हात टाकलेला नाही. रस्त्यात कुणी धक्का मारून वर शिवी दिली तरी हा "बरं, बरं" म्हणत बाजूनं निघून जाणार. वहिनी म्हणते, "ह्यांचं सगळं बळ जिन्याच्या वर राहतं, खाली येत नाही."

वर्गात शिकायचं मुख्य ते 'आठाची साखळी'. दादाला ती त्याच्या गुरुजींनी दिली. एकला बाजूला सरकायचं. दोनला समोरच्याचं मनगट पकडायचं. तीनला पिरगाळायचं. चारला कोपर बरगडीत, पाचला त्याच्या पायामागे पाय, सहाला तो जमिनीवर. सातला त्याच्यावर उभं राहायचं आणि आठला आरोळी ठोकून टाच छातीवर. पडणारा गडी छातीशी कातडी गादी घट्ट धरूनच पडतो, म्हणून टाच पूर्ण जोरानं हाणायची. हात आखडता घेतलेला दादाला चालत नसे. आठवा अंक ढिला पडला की तो शांतपणे म्हणायचा, "पहिल्यापासून."

मी एकदा विचारलं होतं, "माणूस सहालाच पडला, मग आठ कशाला?"

"उठून पुन्हा येऊ नये म्हणून," तो म्हणाला. गुरुजींनी त्याला हेच सांगितलं होतं. मीही मान डोलावली आणि विषय सोडून दिला.

खऱ्या माणसाजवळ गादी नसते, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच्या वर्गात एक मुलगी होती. औषधाच्या दुकानात काम करायची, म्हणून आमच्या घरात तिचं नाव 'औषधवाली'. एकोणिसाव्या वर्षी आली, नऊ वर्षं टिकली. दादाला मूलबाळ नाही. तो बोलून दाखवत नसे, पण पावसापाण्याचं तिला यायला उशीर झाला तर हा जिन्याच्या तोंडाशी तीनदा जाऊन यायचा. परीक्षा देऊन तिनं औषधं विकायचा परवाना मिळवला, तेव्हा त्याची फ्रेम दुकानाच्या भिंतीवर ठोकायला हा स्वतः ड्रिल घेऊन गेला होता. पातळी तपासून तपासून एका फ्रेमला पाऊण तास लावला.

त्या दिवशी भर दुपारी ती शटर अर्धं ओढून जेवायला निघाली होती. झोपेच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागणाऱ्या एका माणसाला तिनं सकाळी परत पाठवलं होतं. तो आला आणि दुकानाच्या पायरीवरच त्यानं तिचे केस धरले. पुढचं समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात आहे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सगळं मिळून पाच सेकंद. आवाज नाही त्यात, पण तिचं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणजे आरोळीसुद्धा चुकली नाही.

त्या माणसाच्या तीन बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. अठरा दिवस तो दवाखान्यात होता. त्याच्यावर गुन्हा दाखल झालाच, पण तिच्यावरही झाला, गंभीर दुखापतीचा. दोष सिद्ध झाला तर तुरुंग, आणि तुरुंग टळला तरी परवाना जाणार. परवाना गेला की त्या फ्रेमसकट तिचं सगळं गेलं, कारण घरात कमावणारी ती एकटी आणि आई अंथरुणाला खिळलेली.

गुन्हा दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दादा माझ्या टेबलापाशी आला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मला कायदा शिकव."

मला हसावं की रडावं कळेना. "इतकी वर्षं लोकांना मारायला शिकवलंस," मी म्हटलं, "आणि कायदा आत्ता आठवला?"

"मारायला नाही. जीव वाचवायला."

"ते आता कोर्टाला सांग."

तो खाली मान घालून बसून राहिला. मग माझाच जीव कळवळला. मी मशीनवर झाकण घातलं आणि बोलायला लागले.

कायदा सांगायला सोपा आहे. तुमच्या अंगावर कुणी आलं, किंवा येणार असं खरोखर वाटलं, की हक्क सुरू. धोका असेपर्यंत हक्क. धोका संपला की हक्क संपला. आणि धोका जेवढा, तेवढंच बळ. केस धरणाऱ्याचा हात मोडला तर चालून जाईल, केस धरले म्हणून जीव घेतलेला चालणार नाही. समोरच्यानं आधी काय केलं, तो किती नीच आहे, याचा हिशेब मारताना करायचा नाही. ते काम कोर्टाचं. तुमचं काम फक्त सुटण्याचं.

दादानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "धोका संपला हे कोण ठरवणार?"

"आधी तू. नंतर न्यायाधीशसाहेब, पंख्याखाली बसून."

"पाच सेकंदांत?"

"तुझे पाच सेकंद. साहेबांना वर्षभर असतं."

हे त्याला पटलं नाही. मला तरी कुठं पटलंय? पण कॅमेऱ्यातली ती दृश्यं मी तिच्या वकिलांकडे पाहिली होती. तो माणूस सहाव्या अंकाला पडला तो पिरगाळलेलं मनगट पोटाशी दाबून कळवळत होता. दुसरा हात मोकळा, उघडा, रिकामा.

रविवारी सकाळी मी त्याच्या वर्गात खुर्ची टाकून बसले. एक जुना शिष्य हल्लेखोर झाला. मी दादाला म्हटलं, "सावकाश कर. जिथं कायदा संपेल तिथं मी हात वर करीन."

एक, दोन, तीन. चारला मी जरा विचार केला आणि जाऊ दिलं. पाच. सहा. शिष्य खाली. मी हात वर केला.

दादा सातवर उभा होता.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी सहा पुरा व्हायच्या आधीच हात वर केला, तरी त्याचं पाऊल सातवर पडलं आणि टाच गादीवर आपटली. त्यानं स्वतःच्या पायाकडे असं पाहिलं, की मला त्याची कीव आली. सकाळभरात त्यानं चाळीसेक वेळा करून बघितलं आणि एकदाही त्याला थांबता आलं नाही. हा माणूस दिवसभर लिफ्टचे ब्रेक तपासतो. मजल्यापेक्षा बोटभर खाली थांबली तरी लिफ्ट बंद करून ठेवतो, इमारतीतले लोक शिव्या घालत जिना चढतात. ते मी त्याला बोलून दाखवलं, नको तेव्हा. तो त्या दिवशी जेवला नाही.

तिच्या वकिलांना मात्र हे ऐकून आनंद झाला. "उत्तम," ते म्हणाले. "हेच कोर्टात सांगा. साखळी म्हणजे एकच हालचाल आहे, मध्ये थांबता येत नाही, तिनं मारायचं असं ठरवून मारलं नाही. तुमच्यासारखा तीस वर्षं शिकवणारा माणूस थांबू शकत नाही, ती काय थांबणार?" तारीख तीन महिन्यांनंतरची होती.

त्या तीन महिन्यांत दादानं जे केलं ते वकिलांना सांगायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्याचं समजू शकते. पण मी कोर्टाच्या दारात बसणारी बाई. मला सुचायला हवं होतं.

तो थांबायला शिकला. पहाटे, कामावर जायच्या आधी, बाहेरच्या खोलीत. वहिनीला उशी देऊन पाडायचा. वहिनी चौथ्या दिवशी म्हणाली, "माझं वय झालंय, तुमच्या कायद्यासाठी रोज पडायला." मग त्यानं गादीची वळकटी उभी केली. सहा झाले की दोन पावलं मागे. हात छातीसमोर, पंजे उघडे, आणि मोठ्यानं, "थांब! पुढे येऊ नकोस!" शेजाऱ्यांना वाटलं नवराबायकोचं बिनसलंय. दीड महिन्यानं पाऊल सातवर जायचं बंद झालं. मग त्यानं सगळ्या वर्गालाच तसं शिकवायला घेतलं. सात आणि आठ त्यानं काढूनच टाकले. आठ-दहा शिष्य वर्ग सोडून गेले. एकाचे वडील जिन्यात मला ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हातारा घाबरला." घाबरला होताच. त्यात खोटं काय होतं?

तारखेच्या दिवशी तो लग्नातला जुना कोट घालून आला. औषधवाली आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी बसली होती, मांडीवर हात ठेवून. तिनं दादाकडे बघितलं, यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

वकिलांच्या प्रश्नांना त्यानं नीट उत्तरं दिली. साखळी आठ अंकांची. रोज शंभर वेळा घटवून घेतो. एकदा सुरू झाली की शरीर आपणहून पुरी करतं. साहेब लिहून घेत होते. मग सरकारी वकील उठले. बारीक चणीचा, गोड बोलणारा माणूस. असल्यांची मला फार भीती वाटते.

"मास्तर, आम्हाला करून दाखवाल का?"

तिच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. त्यांना वाटलं, बरंच झालं, बघू दे साहेबांना. कोर्टाचा शिपाई हसत हसत पुढं आला. त्याच्या छातीवर माझ्या खुर्चीची उशी बांधली, खाली सतरंजी टाकली. त्यानं दादाच्या कॉलरला हात घातला.

मला त्या क्षणी कळलं आणि मी उभी राहिले. पण मी कोण? टायपिस्ट.

एक दोन तीन चार पाच सहा. शिपाई सतरंजीवर. आणि दादा दोन पावलं मागे, पंजे उघडे. "थांब! पुढे येऊ नकोस!" साऱ्या कोर्टात त्याचा आवाज घुमला.

सरकारी वकिलांनी सतरंजीवरच्या शिपायाकडे बोट केलं. मग म्हणाले, "थांबलात की हो." आणि खाली बसले.

तिच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. दादा तसाच उभा होता, हात पुढं केलेले. आपण काय करून बसलो हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं. ते बघणं मला सोसेना. मुलीला वाचवायला उभा राहिलेला माणूस, आणि त्यानंच तिच्या विरुद्धचा पुरावा सगळ्यांसमोर करून दाखवला.

"साहेब," तो म्हणाला, "बोलू का?"

साहेबांनी मान हलवली.

"तीन महिन्यांपूर्वी मला थांबता येत नव्हतं. हे झाल्यावर मी कायदा शिकलो. माझ्या बहिणीकडून. रोज पहाटे उठून थांबायला शिकलो, तेव्हा कुठं आज थांबलो. ह्या मुलीला मी हे शिकवलं नाही. नऊ वर्षं तिच्याकडून आठवा अंक घटवून घेतला. ढिला पडला तर पहिल्यापासून करायला लावला. माणूस कसा पाडायचा ते सांगितलं, पडल्यावर त्याला सोडायचं हे सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं. तो फटका तिचा नाही, माझा आहे. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. तिचे वकील म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही." मधल्या सुट्टीत ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "तुमच्या भावानं बुडवलं होतं आणि त्यानंच वर काढलं. आता तिनं फक्त गप्प राहावं."

निकालाआधी आरोपीला काही सांगायचं आहे का, असं शेवटी विचारतात. शहाणे वकील "काही नाही" म्हणायला सांगून ठेवतात. तेवढं झालं की संपलं.

दादा आणि मी बाहेर जिन्यापाशी चहा घेत होतो. ती आली. तिनं कपाला हात लावला नाही.

"सर, तुम्ही म्हणालात तसं झालं नव्हतं."

दादानं तिच्याकडे बघितलं.

"तो पडला ते मला दिसलं होतं. त्याचा हात रिकामा होता, तेही दिसलं. तुम्ही म्हणता तसं शरीर आपणहून करत असेल, पण मी त्या वेळी तिथंच होते, सर. मला वाटलं, ह्यानं माझे केस धरले. आता ह्याला कळू दे. मग मी मारलं."

"किती वेळ होता मध्ये?" मी विचारलं. कॅमेऱ्यात तर अर्धा सेकंदसुद्धा दिसत नाही.

"माहीत नाही. मला पुरेसा होता." तिचा आवाज फुटला. "तुम्ही सगळं अंगावर घेतलंत. उद्यापासून लोक तुम्हाला काय म्हणतील? मी आत जाऊन सांगू का खरं? सांगा ना, सर. तुम्ही म्हणाल तसं करते."

मी दादाचा कोट मागून ओढला. सत्तावीस वर्षांचा माझा कायदा ओरडत होता, की हिला गप्प कर, तिची आई घरी पडून आहे, परवाना आहे, अख्खं आयुष्य आहे. मला ते बरोबर वाटत होतं. आजही अर्धंमुर्धं वाटतं.

दादानं चहाचा कप पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "नऊ वर्षं मी अंक मोजले आणि तू केलंस. आता मी मोजणार नाही. तुला वाटेल ते कर. काहीही केलंस तरी मी बाहेर इथंच उभा असेन."

ती आत गेली. साहेबांनी विचारलं, काही सांगायचं आहे का. वकील अर्धे उठले होते. ती म्हणाली, "हो." आणि आम्हाला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, थोडक्यात, न रडता. सरकारी वकिलांनीसुद्धा लिहायचं थांबवलं. शेवटी म्हणाली, "सरांनी मला स्वतःला वाचवायला शिकवलं. त्यांनी शिकवलं म्हणून मी सुटले. शेवटचं मी केलं."

निकाल आठवड्यानं लागला. सहाव्या अंकापर्यंत तिला पूर्ण हक्क होता, असं साहेबांनी मानलं. पुढचा फटका हक्काबाहेरचा, म्हणून दोषी. पण भीती ताजी होती, वेळ क्षणाचा होता आणि तिनं स्वतः होऊन कबूल केलं, म्हणून तुरुंग नाही. एक वर्ष चांगल्या वागणुकीची हमी. परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला, कायमचा गेला नाही. मास्तरांच्या साक्षीबद्दल साहेबांनी एकच वाक्य लिहिलं, की साक्षीदार प्रामाणिक आहे, परंतु घटनेची जबाबदारी त्याच्याकडे जात नाही.

तिची आई अंथरुणात उठून बसली म्हणे. वकिलांनी हात मिळवले. ती दादाच्या पाया पडायला वाकली, तर यानं तिला मध्येच धरून सरळ उभं केलं आणि रिक्षात बसवून दिलं. सहा महिने दुकानातल्या पेट्या उचलायचं काम तिला मालकानं दिलं आहे.

रिक्षा गेल्यावर आम्ही दोघं कोर्टाच्या पायऱ्यांवर आलो. मी निकालाची नकल त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावून ते एक वाक्य दोनदा वाचलं.

"बघितलंस?" मी म्हटलं. "कायद्यात तुझा दोष कुठंच नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तूच शिकवलास ना मला कायदा." कागदाची त्यानं नीट घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. "नऊ वर्षं ती माझ्यासमोर होती. तिच्या पोटात किती राग आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. मी टाच बघत होतो."

आणि माझा मोठा भाऊ पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. येणारेजाणारे बघत होते, एक वकील ओळखीचं हसला. मी त्याच्या शेजारी बसले. टेबलापाशी माझी दोन गिऱ्हाइकं खोळंबून हातवारे करत होती. म्हटलं, करू देत.